चेक म्हणजे नुसतं तपासणं नव्हे, आधी तो शह आहे

डिचोलीत दहावीच्या मुलांना मी इंग्लिश शिकवतो. मागच्या महिन्यात फळ्यावर पेपरात येते तशी एक हेडलाईन लिहिली, "स्टेप्स टेकन टू चेक डेंग्यू", आणि म्हटलं हे मराठीत सांगा. जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं, "डेंग्यू तपासण्यासाठी पावलं उचलली". मुलं हुशार आहेत, अभ्यास करणारी आहेत, आणि चूक त्यांची नाहीच, कारण चेक हा शब्द आपण मराठीत घेतला तेव्हा त्याचा अर्धाच भाग घेतला, तपासण्याचा, आणि उरलेला अर्धा तिकडेच राहिला. त्या हेडलाईनमध्ये चेक म्हणजे रोखणं, आळा घालणं. डेंग्यूला आळा घालायला पावलं उचलली, एवढाच अर्थ.

त्याच दिवशी संध्याकाळी भाचा बुद्धिबळाचा पट घेऊन आला, दोन डाव झाले, आणि मध्येच विचारतो, "मामा, आपण चेक म्हणतो ना, तो आणि बाबांच्या चेकबुकातला चेक एकच काय?" सकाळी वर्गात जे झालं ते डोक्यात होतंच, त्यामुळे मला वाटलं हे सगळं एकदा नीट लिहून काढावं. कारण उत्तर हो असं आहे, दोन्ही चेक एकच, आणि गंमत म्हणजे मुळात तो शब्द इंग्लिश नाहीच, आपण पटावर म्हणतो तो "शह" आणि इंग्लिश "चेक" हे एकाच घरातले.

आधी आपण हा शब्द कुठेकुठे वापरतो ते बघा. सकाळी उठल्यावर मोबाईल चेक, गाडी काढताना टायरची हवा चेक, कदंब बसमध्ये चढलं की मध्येच तिकीट चेकर, बांद्याकडे जाताना पत्रादेवीला चेकपोस्ट, कारवारकडे गेलं तर पोळेला चेकपोस्ट, हॉटेलात चेक-इन, दवाखान्यात चेकअप, बँकेत चेक, आणि अंगात चेक्सचा शर्ट. आता तपासणं हा एकच अर्थ धरून बसलं तर शर्टाचं काय करायचं? शर्टात कोण काय तपासतंय? चेकबुकातला चेक तरी तपासण्यात कसा बसवायचा? म्हणून मुळाशी जावं लागतं.

मूळ फारसीत आहे. शाह म्हणजे राजा. आपला बादशहा, शाही, शहाजीराजांच्या नावातला शहा, सगळीकडे तोच शब्द. आणि खेळ मात्र आपला, चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सहाव्या शतकाच्या आसपास हा खेळ इथून इराणात गेला, तिकडे त्याला चतरंग म्हणायला लागले, मग अरबांनी इराण जिंकलं आणि खेळ त्यांच्याकडे आला. अरबीत च नाही आणि ग पण नाही, त्यामुळे च चा श झाला, ग चा ज झाला, आणि चतरंगचं शतरंज झालं. इराण्यांची एक रीत होती, समोरच्याच्या राजावर हल्ला केला की मोठ्याने सांगायचं, "शाह!" म्हणजे राजा! तुझा राजा धोक्यात आहे, बघ. गुपचूप राजा मारायचा नाही. हेच आपल्याकडे आलं ते शह देणं.

अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला आणि तिथे नावाचे दोन रस्ते झाले. स्पेन आणि पोर्तुगालने शतरंज हेच नाव धरलं, स्पॅनिशमध्ये आहेद्रेस, पोर्तुगीजमध्ये शद्रेश. बाकीच्या युरोपने खेळाला त्या ओरडण्याचं नाव दिलं. शाहचं लॅटिनमध्ये स्काकुस झालं, इटालियनमध्ये खेळ झाला स्काकी, जर्मनमध्ये शाख, जुन्या फ्रेंचमध्ये एस्चेक. १०६६ ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच तिकडे गेली, आणि इंग्लिश लोकांनी पुढचा "एस" गाळून टाकला, उरलं चेक. आणि त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून झालं चेस. म्हणजे चेस या शब्दाचा शब्दशः अर्थ काय, तर "अनेक चेक", अनेक शह. रशियन तर पूर्णच नाव घेऊन बसले, शाखमाती, शह आणि मात.

इथे मला आमच्या आजोची आठवण येते. तो पोर्तुगीज शाळेत शिकलेला, खेळाला शद्रेश म्हणायचा, पण सोप्यावर बसून डाव सुरू झाला की तोंडात मराठी, "घे शह". लहानपणी मला ते दोन वेगळे शब्द वाटायचे. आता कळतं की एक आपल्या चतुरंगाचा, लिस्बनला जाऊन परत गोव्यात आलेला, आणि दुसरा इराणच्या राजाचा, दख्खनच्या दरबारी भाषेतून मराठीत आलेला, आणि दोघे आमच्या सोप्यावर एका पटाभोवती बसायचे. असं गोव्यातच होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

मात या शब्दाबद्दल पण थोडं. चेकमेट म्हणजे शाह मात. अरबीत माता म्हणजे मेला, त्यामुळे "राजा मेला" असा अर्थ बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण फारसीत मात म्हणजे हतबल, थक्क, काही सुचेनासं झालेला. मला फारसीवालाच पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधीच मरत नाही, त्याला कोणी पटावरून उचलत नाही, त्याला जायला जागा उरत नाही आणि डाव तिथे थांबतो. मराठीत "संकटावर मात केली" म्हणतो ती मात हीच.

आणखी एक. आताच्या नियमांत चेक असं तोंडाने म्हणायची सक्ती नाही, आणि मोठ्या स्पर्धेत कोणी म्हणत पण नाही. २०२५ च्या शेवटी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा वर्ल्ड कप आपल्या गोव्यात झाला, जगभरचे खेळाडू उत्तर गोव्यात येऊन बसले होते, पण तिथे हॉलमध्ये शांतता, चेक हा शब्द ऐकू येणार नाही. तो शब्द आता घराघरातल्या पटावर उरलाय. आणि गोव्यात ती घरं कमी नाहीत, भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा अशी नावं एवढ्याशा राज्यातून आली त्याचा मला फार अभिमान आहे.

आता शह वरून "थांब" कसं झालं ते बघू, कारण खरी चावी इथे आहे. तुमच्या राजाला शह मिळाला की तुम्ही काय करता? मनात जो बेत असेल तो सोडावा लागतो. तुम्ही वजिराने समोरच्याचा हत्ती खाणार होता, पण शह आला, आता आधी राजा वाचवायचा, बाकी सगळं थांबलं. म्हणजे शह हा फक्त हल्ला नाही, तो तुमच्या चालीला लागलेला ब्रेक आहे. इंग्लिशमध्ये चौदाव्या शतकातच चेकचा अर्थ पटाबाहेर आला, अचानक आलेला अडथळा, खुंटणं, आणि मग अडवणं, रोखणं, लगाम घालणं. राग चेक करणं म्हणजे राग तपासणं नव्हे, राग आवरणं. "कीप इन चेक" म्हणजे काबूत ठेवणं.

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे चेक डॅम. आपण सरकारी बोर्डावर वाचतो, चेक डॅम, आणि पुढे जातो, पण कधी विचार केलाय का की हे धरण चेक काय करतं? काहीच तपासत नाही ते. ओहोळाचं पाणी अडवतं. आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र एवढे जवळजवळ आहेत की पावसाचं पाणी डोंगरावरून झपाट्याने खाली येतं आणि समुद्रात जातं, ते वाटेत अडवलं, त्याचा जोर मोडला, तर जमिनीत मुरतं, विहिरीला येतं, उन्हाळ्यात कुळागराला मिळतं. म्हणून तो चेक डॅम, आपल्या भाषेत बंधारा. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरी बागायत असलेला, पटकन म्हणाला, "म्हणजे सर, पाण्याला शह". मी त्या दिवशी तेवढंच फळ्यावर लिहून ठेवलं, त्याच्याहून चांगलं भाषांतर मला जमलं नसतं.

पंपाला लावतात तो चेक व्हॉल्व्ह पण असाच, आपले प्लंबर त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, पाणी वर जाऊ देतो, परत यायला लागलं की अडवतो. नागरिकशास्त्रात वाचतो ते "चेक्स अँड बॅलन्सेस" बघा, मॉन्टेस्क्यू नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये मांडलं की सत्तेलाच सत्तेने अडवलं पाहिजे, आणि १७८७ च्या अमेरिकेच्या राज्यघटनेत तो विचार उतरला, कायदेमंडळ, सरकार आणि कोर्ट यांनी एकमेकांना अडवू शकावं. मुलं त्याचं "तपासणी आणि समतोल" असं लिहितात, पण तिथे चेक म्हणजे अंकुश. एकाने दुसऱ्याला दिलेला शह.

आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे अनचेक्ड. "हिल कटिंग गोज अनचेक्ड" अशी बातमी आली तर कोणी तपासलं नाही एवढाच अर्थ नाही, कोणी अडवलं नाही, मोकाट चाललंय असा अर्थ आहे. आणि हा फरक साधा नाही हो. तपासायला माणूस येऊन गेला, कागद भरला आणि डोंगर कापणं चालूच राहिलं तरी इंग्लिशमध्ये ते अनचेक्डच. बातमी वाचताना हे कळलं नाही तर बातमीच कळली नाही.

मग तपासणं हा अर्थ कुठून आला? हळूहळू आला. रोखणं, मग ताब्यात ठेवणं, मग पैशाचे व्यवहार ताब्यात ठेवणं, आणि व्यवहार ताब्यात ठेवायचे तर एक हिशोब दुसऱ्या हिशोबाशी लावून बघावा लागतो, लबाडी तिथेच अडते. तर लबाडी अडवण्यासाठी जुळवून बघणं यालाच चेक म्हणायला लागले, आणि सतराव्या शतकापर्यंत चेक म्हणजे पडताळणं हे इंग्लिशमध्ये आलेलं दिसतं. म्हणजे आपण जो अर्थ पहिला समजतो तो खरं तर नातू आहे. कंट्रोल या शब्दाची गोष्ट पण जुळी आहे, तो जुन्या लॅटिन-फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ "दुसरी गुंडाळी", हिशोबाच्या कागदाची दुसरी प्रत, पहिलीशी लावून बघायला ठेवलेली. तिथे जुळवणीपासून काबूकडे गेले, इथे काबूपासून जुळवणीकडे आले.

आता पटाकडे परत येतो, कारण चेकची दुसरी फांदी शहातून नाही, पटाच्या चौकड्यांतून फुटलीय. शर्टाचे चेक्स तिकडचे, आणि बँकेतल्या चेकचं स्पेलिंग पण तिकडचंच.

बाराव्या शतकातलं इंग्लंड डोळ्यासमोर आणा. राजा पहिला हेन्री, ११०० ते ११३५. राजाचा महसूल गोळा करणारे अधिकारी, त्यांना शेरीफ म्हणायचे, ते वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरच्या शेवटी मायकलमसला, हिशोब द्यायला यायचे. आकडे रोमन, म्हणजे शून्य नाही, कागदावर बेरीज-वजाबाकी करणं महाकठीण. मग त्यांनी काय केलं, साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असं एक टेबल, त्याला चारही बाजूंनी कड, वर काळं कापड, आणि कापडावर रेघा. त्या रेघांच्या रकान्यांत सोंगट्यांसारखे नाणे-तुकडे ठेवायचे, एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसाचे, शेकडा, हजार. येणं किती ते एका ओळीत, भरलं किती ते दुसऱ्या ओळीत, आणि सगळ्यांसमोर एकातून दुसरं काढायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला पण डोळ्यांनी दिसतं की बाकी किती. ही मला फार सुंदर गोष्ट वाटते, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पण हिशोब बघता यावा.

ते टेबल दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं, आणि पटाला लॅटिनमध्ये म्हणायचे स्काकारियम, फ्रेंचमध्ये एस्चेकिए, त्यावरून त्या खात्याचंच नाव पडलं एक्सचेकर. साधारण ११७७ च्या सुमारास रिचर्ड फिट्झनील नावाच्या, स्वतः राजाचा खजिनदार असलेल्या माणसाने या खात्यावर गुरू-शिष्य संवादाच्या रूपात एक पुस्तक लिहिलं. त्यात शिष्य विचारतो, याला पट का म्हणतात? गुरू सांगतो, एक तर हे टेबल पटासारखं दिसतं म्हणून, आणि दुसरं, जसं पटावर दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते, आणि बाकीचे बसून निवाडा करतात. साडेआठशे वर्षांपूर्वी कोणाला तरी माझ्या भाच्यासारखाच प्रश्न पडला होता. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चान्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, म्हणजे शब्दाने बघितलं तर तो बुद्धिबळाच्या पटाचा चान्सेलर.

याच खात्यात पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडाची काठी वापरायचे. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरून दोन तुकडे करायचे, एक भरणाऱ्याला, एक खात्याकडे. पुढे वाद झाला तर दोन तुकडे एकमेकांना लावायचे, खाचा जुळल्या तर खरं. कोणी गुपचूप एक खाच जास्त पाडली तर लगेच पकडला जायचा. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही पद्धत चालली, आणि शेवटी साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या तेव्हा आग एवढी भडकली की पार्लमेंटची जुनी इमारतच गेली.

ही दोन तुकड्यांची कल्पना डोक्यात ठेवा म्हणजे बँकेचा चेक लगेच कळेल. लंडनमध्ये सतराव्या शतकात लोक सावकाराकडे पैसे ठेवून "याला एवढे द्या" अशा चिठ्ठ्या लिहायला लागले होते, १६५९ सालची ४०० पौंडांची अशी एक चिठ्ठी अजून जपून ठेवलीय, पण तेव्हा त्याला चेक हे नाव नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छापील चिठ्ठ्या आल्या, त्यांना एका बाजूला स्थळप्रत जोडलेली, जी फाडून आपल्याकडे ठेवायची. त्या स्थळप्रतीला म्हणायचे चेक, कारण खोटी चिठ्ठी आली तर ती स्थळप्रतीशी जुळवून अडवता यायची. म्हणजे आधी चेक हे नाव आपल्याकडे उरणाऱ्या तुकड्याचं होतं, मग ते स्थळप्रत असलेल्या फॉर्मचं झालं, आणि शेवटी दुसऱ्याला देतो त्या कागदालाच चिकटलं. तुमच्याकडे जुनं चेकबुक असेल तर बघा, डावीकडे तो बारीक पट्टा असायचा, तारीख, नाव, रक्कम लिहून ठेवायला. मूळचा चेक तो.

स्पेलिंगचा घोळ पण इथलाच. आधी शेवटी सरळ सीके (check) असंच लिहायचे, मग एक्सचेकरच्या वजनाने शेवटी क्यूयूई (cheque) लागलं. इंग्लंडात आणि आपल्याकडे बँकेचा चेक क्यूयूई आणि बाकीचे सगळे सीके, अमेरिकेत मात्र दोन्हीला सीकेच, त्यामुळे अमेरिकन पुस्तकात बँकेचा चेक सीके ने दिसला तर ती छपाईची चूक नाही. पोर्तुगीजने हा शब्द इंग्लिशकडूनच घेतला, स्पेलिंग क्यूयूई वालंच. पणजीत १८६८ पासून बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ही पोर्तुगीज बँक होती, म्हणजे एकाच भाषेत राजाच्या शहाला शेक आणि बँकेच्या कागदाला शेक, आणि दोघे सख्खे भाऊ वेगवेगळ्या दाराने आलेले.

भारतात चेकचा कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. चेक परत आला तर गुन्हा धरणारं कलम १३८ मात्र पुष्कळ नंतरचं, १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. आणि चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो, आधी सहा महिने होते, २०१२ पासून तीन. हे जाता जाता सांगितलं कारण घरात अजून कोणाचा तरी जुना चेक ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

शर्टाचं आता वेगळं सांगायला नको. पटासारखे चौकोन ते चेकर्ड, त्याचं छोटं रूप चेक्स. आपल्या मराठीत चौकडीचं कापड म्हणतात ते जास्त छान. आणि गोव्यात चौकडी म्हटलं की पहिली आठवते कुणबी साडी, ती लाल-पांढरी चौकड्यांची, आपल्या कुणबी-गावडा बायका शेतात गुडघ्यापर्यंत नेसायच्या ती. वेंडेल रॉड्रिक्स या आपल्या फॅशन डिझायनरने ती पुन्हा लोकांसमोर आणली म्हणून आज फॅशनमध्ये तिला कुणबी चेक्स म्हणतात. इराणच्या राजाचं नाव आपल्या शेतातल्या कापडाला येऊन लागलं, शब्द कुठे कुठे फिरतात बघा. पोर्तुगीजमध्ये पण शद्रेश म्हणजे खेळ आणि शद्रेश म्हणजे चौकडीचं कापड, आणि बोलीत तुरुंगाला पण शद्रेश म्हणतात.

अमेरिकेतले अर्थ वेगळ्या वळणाने गेले पण स्थळप्रत आठवली तर सोपे आहेत. तिथे हॉटेलात बिल मागताना "चेक प्लीज" म्हणतात, तो बिलाचा कागद. कोट ठेवायला दिला की बिल्ला मिळतो, तो कोट चेक, सामान दिलं की बॅगेज चेक, दोन भाग, एक सामानाला, एक तुमच्याकडे, परत घेताना जुळवायचे. अगदी त्या लाकडी काठीसारखं. विमानतळावर मोठी बॅग देतो तिला चेक्ड बॅगेज म्हणतात ते यावरून, स्क्रीनिंगमध्ये तपासली म्हणून नव्हे. आणि रेन चेक म्हणजे पावसाचा चेक. १८८० च्या दशकात तिकडे बेसबॉलची मॅच पावसाने रद्द झाली तर प्रेक्षकाला पुढच्या मॅचचं तिकीट द्यायला लागले, त्याला रेन चेक. आता कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जमत नसेल तर "आय विल टेक अ रेन चेक" म्हणायचं, म्हणजे आज नको, पण पुढच्या वेळी नक्की. नुसता नकार नाही तो, पुढचं आमंत्रण राखून ठेवणं आहे.

मुलांना परीक्षेत जे लागतं ते चेकच्या मागे लागणारे छोटे शब्द. इथे मी घाई करत नाही कारण मार्क इथेच जातात. चेक ऑन म्हणजे विचारपूस, शेजारची म्हातारी पावसात एकटी आहे, जरा चेक ऑन हर, जाऊन बघून ये बरी आहे का. चेक अप ऑन म्हटलं की त्यात थोडी नजर ठेवणं येतं, मुलगा खरंच ट्यूशनला गेलाय का ते बघणं. चेक विथ म्हणजे कोणाला तरी विचारून खात्री करणं, चेक विथ युवर फादर, बाबांना विचार. इथे नुसतं चेक युवर फादर म्हटलं तर अर्थ होईल बाबांना तपास किंवा बाबांना अडव. चेक आऊट हॉटेलात सोडून जाणं, लायब्ररीत पुस्तक घरी नेणं, मित्राला म्हटलं तर "हे बघ जरा", आणि "हिज स्टोरी चेक्स आऊट" म्हटलं तर त्याचं म्हणणं जुळतंय, खरं निघालं. एकाच चेक आऊटचे चार अर्थ, वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय ठरवायचं नाही. आणि क्रॉस-चेक म्हणजे दुसऱ्या बाजूने पडताळणं, तोच शब्द आईस हॉकीत वापरला तर काठी आडवी धरून खेळाडूला ढकलणं, तिथे परत जुना अर्थ, अडवणं.

चेकपोस्ट मात्र मला दोन्ही अर्थ एकत्र सांभाळणारा वाटतो. पत्रादेवीला गाडी थांबते, आणि मग तपासतात. आधी शह, मग तपासणी, शब्दाचा सगळा इतिहास त्या एका आडव्या बांबूपाशी.

आता नातेवाईक कोण आणि कोण नाही ते सांगून टाकतो. युरोपातला चेक देश, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही, ते तिकडच्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव. आपलं चेकाळणं, म्हणजे पोरं चेकाळली म्हणतो ते, ते पण वेगळं, आपलं जुनं क्रियापद. शहाणा संस्कृतातल्या सज्ञानवरून, शाहीर अरबीतल्या कवीच्या शब्दावरून, हे दोघे पण शाहच्या घरचे नाहीत. पण शहर मात्र घरचंच आहे. जुन्या इराणी भाषेत राज्य करणं या अर्थाचा जो धातू होता त्यातून शाह आला आणि त्यातूनच शहर, आधी अर्थ राज्य, मग नगर. आणि तोच धातू संस्कृतात पण आहे, क्षत्र म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय. नाशिकच्या लेण्यांत नहपान या जुन्या राजाच्या काळातल्या शिलालेखात क्षत्रप हा शब्द कोरलेला आहे, तो पण इराणातून आलेला, राज्याचा रक्षक. त्यामुळे भाच्याला मी पट आवरता आवरता सांगितलं की तुझा चेक, बाबांचा चेक, आपला शह हे तिघे भाऊ, आणि क्षत्रिय त्यांचा दूरचा चुलता. तो म्हणाला, "आणि मात?" मी म्हटलं, ती वेगळ्या घरची, पण कायमची यांच्याकडेच राहायला आलेली.